चामडं बाहेर ठेवा

"बूट काढा, बाबा," ती पोरगी म्हणाली. "गावाकडचं वाटलं पाहिजे."

मी गावाकडचाच हाय. देगलूर तालुक्यातला, मांगवाड्यातला. आणि माझ्या पायात बूट होते. काळे, नाडीचे. ते बघून गावाकडचं वाटत न्हाई, असं त्या पोरीचं म्हणणं.

तिच्या गळ्यात कार्ड, हातात पिशवी. पिशवीतून तिनं धोतर काढलं. लाल पटका काढला. काळी घोंगडी काढली. सगळं इस्त्रीचं. नाटकवाल्याकडून भाड्यानं आणलेलं असावं. मी जिंदगीत धोतर नेसलो न्हाई. माझा बाप नेसायचा, तो बी गुडघ्याच्या वर. खाली सोडलं तर पाटील विचारायचा, कोणाचं लगीन हाय रे.

"उन्हाळा चालू हाय, ताई," मी म्हणलं. "घोंगडी कामून?"

"फोटोत छान दिसते."

मी धोतर नेसलो. पटका बांधला. घोंगडी खांद्यावर घेतली. मग वाकून नाड्या सोडल्या आणि बूट काढले.

कोणी काठी उगारली न्हाई. कोणी शिवी दिली न्हाई. ती हसून म्हणाली आणि मी काढले. आमच्यासारख्याचं असंच होतं. शिवी दिली की आम्ही ताठ होतो, हसून बोललं की वाकतो. हे त्यांना बरोबर ठाऊक हाय.

ते बूट सरूनं घेतलेले. सरू माझी बायको. धाकट्या पोरीच्या लग्नात मी चपलीवरच उभा राहणार होतो. ती म्हणाली, "आवं, पोरीचा बाप हाव तुमी. बूट घाला. देवाच्या दारात काढा, माणसाच्या दारात काढू नका." उदगीरला नेऊन घेऊन दिले. आता सरू न्हाई. बूट हायेत.

हे झालं किनवटच्या पुढं. तिथं सागाच्या जंगलात, डोंगराच्या माथ्यावर आमच्या लोकांनी मोठं केंद्र बांधलंय. आमचे म्हणजे ख्रिस्ती. वर शांत बसून देवाचं मनन करायचं म्हणून. वर फरशी, फुलझाडं, कारंजं, गार हवेची मशीन लावलेला हॉल. खालच्या तांड्यावरच्या बाया डोक्यावर पाणी वाहून राहिल्यात, ते वरून दिसतं. उन्हाळ्यात तिथं अधिवेशन भरतं. नांदेडचे, लातूरचे, हैदराबादचे मोठे लोक येतात. या खेपेला बिशपसाहेब येणार होते, आणि त्यांच्यासंगं परदेशातले पाहुणे.

मी तिथं देवाचं मनन करायला गेलो नव्हतो. मी सरूच्या मातीसाठी गेलतो.

सरू बायबलबाई होती. पायी गावोगाव फिरून शुभवर्तमान सांगायची. देगलूरच्या बाजूचं एक गाव तिनं सोडलं न्हाई. तेलुगू बोलणाऱ्यांत तेलुगू बोलायची, कानडी बोलणाऱ्यांत मोडकी कानडी. मी दुसरीतून शाळा सोडलेला. मला अक्षरं तिनं शिकवली, बायबलवर माझं बोट धरून. हे जे लिहून राहिलो ते तिच्याच अक्षरानं.

आणि हलगी. ती बी तिच्यामुळंच. माझ्या आज्यानं बाप्तिस्मा घेतला तवा मिशनच्या साहेबानं सांगितलं, हलगी सैतानाचं वाद्य, जाळून टाक. आज्यानं जाळली. खुशीनं जाळली. त्याला वाटलं, हलगी जळाली म्हणजे पाटलाच्या वरातीपुढं अनवाणी वाजवत जायचं बी जळालं. मग लई वर्षं आमच्या घरात हलगी नव्हती. सरूनं आणली. बाई माणूस चौकात उभं राहून बोललं तर कोण थांबतंय? ती म्हणाली, "आवं, एक हलगी मढवा. माणसं हलगीला थांबत्यात. थांबली की मी बोलते." मी शेळीचं कातडं आणून मढवली. मी वाजवायचो, माणसं जमायची, हलगी थांबली की सरू बोलायची. असं आमचं आयुष्य गेलं. तालुक्याच्या पाळकानं तिला बोलावून झापलं, चर्चच्या कामात मांगाचं वाद्य आणता म्हणून. ती म्हणाली, "साहेब, स्तोत्रात डफ लिवलाय. वाचून दावू का?" 

दिवाळीच्या मागं सरू गेली. पोटात गाठ होती. शेवटी शेवटी पाणी बी उतरत नव्हतं. तिचं एकच म्हणणं होतं. तालुक्याच्या मिशन कंपाऊंडात कबरस्तान हाय, तिथं पुरा. तिथं मोठं फाटक हाय, भिंत हाय, भिंतीच्या आत लिंबाची झाडं. तिला वाटायचं, आपण जन्मभर मंडळीचं, म्हणजे चर्चचं, काम केलं, आपली तेवढी जागा हाय.

टेम्पोत मयत घालून नेलं. फाटकाला कुलूप. सेक्रेटरी आला. मंडळीचा सेक्रेटरी, किल्ली त्याच्याजवळ असते. तो कुलूप न काढताच म्हणाला, "बाबा, इथली जागा कंपाऊंडातल्या घरांना. गावाकडच्यांची सोय गावाकडं."

मी फाटकाच्या गजातून आत पाहिलं. कंपाऊंडातली पोरं क्रिकेट खेळून राहिली होती. कबरीपासून कबरीपर्यंत रन काढत होती. तेवढी जागा होती आत. माझ्या सरूला मावायला न्हाई.

हा सेक्रेटरी कोण, ते बी सांगतो. त्याचा आजा आणि माझा आजा एकाच दिवशी, एकाच तळ्यात बाप्तिस्मा घेतलेले. दोघं बी मांगच. त्याचा आजा साहेबाच्या बंगल्यावर कामाला राहिला, मग कंपाऊंडात राहिला, मग पोरं शिकली. माझा आजा गावात राहिला. एवढाच फरक. पण आता तो म्हणतो, "आपल्यात जात नाही, बाबा." आणि फाटकाला कुलूप घालतो.

मयत परत आणलं. वाड्याच्या मसनवट्यात पुरलं. मसनवटा म्हणजे ओढ्याच्या कडेची पट्टी. एका बाजूनं पाटलाचा ट्रॅक्टर खातो, दुसऱ्या बाजूनं ओढा खातो. मी माती दिली आणि हलगी वाजवली. एकट्यानं. मयताचा ताल. मग हलगी खुंटीला अडकवली.

गेल्या पावसाळ्यात ओढ्यानं वाड्यातल्या याकोबदादाची कबर अर्धी नेली. त्याच्या बाजूची जागा सरूची. येत्या पावसात तिची पाळी. म्हणून मी सेक्रेटरीच्या दारात जाऊन बसलो. पुन्हा गेलो. पुन्हा गेलो. सरूला उचलून आत आणू द्या, एवढंच. शेवटी तो म्हणाला, "डोंगरावर या, बाबा. बिशपसाहेब येणार आहेत. तुम्ही साक्ष द्या. साक्ष झाली की तुमचा विषय काढू." आमच्यात साक्ष म्हणजे देवानं आपल्याशी काय केलं ते चारचौघांत उभं राहून खरंखरं सांगणं. मला वाटलं, सरूचं सांगता येईल.

जाता जाता तो म्हणाला, "आणि हलगी आणा बरोबर."

मी तिला खुंटीवरून काढलं. धूळ पुसली. मला वाटलं, सरूच्या साक्षीला हलगी लागणारच.

माझ्यासंगं सरूची धाकटी बहीण आलती, एस्तर. तिला भगिनींच्या सभेचं बोलावणं होतं. देगलूरहून एसटीनं नांदेड, नांदेडहून रेल्वेनं किनवट, तिथून जीप. एस्तर जीपमध्ये म्हणाली, "दाजी, अक्का असती तर तिनं या ड्रायव्हरला बी बाप्तिस्मा दिला असता वर पोचायच्या आत." आम्ही दोघं हसलो. त्या डोंगरावर आम्ही हसलो ते तेवढंच.

वर पोचलो आणि पोरगी पिशवी घेऊन आली. बूट काढा.

एस्तरनं माझे बूट उचलले. माझे काढलेले कपडे पोरीच्या रिकाम्या पिशवीत भरून घेतले. तिला बी लगेच कोणीतरी दुसरीकडं नेलं.

मला फाटकावर उभं केलं. फाटकापासून हॉलपर्यंत सिमेंटच्या ठोकळ्यांचा रस्ता. दुपारचं ऊन. ते ठोकळे तव्यासारखे तापलेले. सावलीत उभं राहू का म्हणलं तर पोरगी म्हणाली, "नाही बाबा, गाडी आली की तुम्ही समोर दिसले पाहिजे." गाडी येईना. आता येईल, आता येईल. मी एक पाय उचलायचो, दुसरा टेकवायचो. दुसरा उचलायचो, पहिला टेकवायचो. तळवे जळून राहिले होते.

पोरीनं फोन वर धरला. "वा बाबा, नाचता का तुम्ही? छान. गाडी आल्यावर असंच करा."

मी नाचत नव्हतो.

गाड्या आल्या. सेक्रेटरी पुढं धावला, दार उघडलं. हार घातले. बिशपसाहेबाला, पाहुण्यांना, पाहुण्यांच्या बायकांना, ड्रायव्हरला सुद्धा. सेक्रेटरीनं मला हातानं खूण केली. वाजवा. मी वाजवली. पाहुण्यांनी फोन काढले. सेक्रेटरीनं दुसरी खूण केली. पुढं चला. मी पुढं झालो, वाजवत. माझ्या मागं बिशप, पाहुणे, हार, टाळ्या.

रस्ता चढाचा. अर्ध्यात मला कळलं मी काय करून राहिलो ते.

वरात. पाटलाची वरात. बाप सांगायचा तसं. मांग पुढं, अनवाणी, वाजवत. मागं नवरदेव. वरात दारात पोचली की मांग उंबऱ्याबाहेर थांबतो आणि बाकी सगळे आत जातात. आज्यानं जे जाळलं होतं ते मी डोंगरावर चढवून आणलं होतं. तेही चर्चच्या दारात. आणि ते जाळायला ज्यांनी सांगितलं, तेच मागून टाळ्या वाजवून राहिले होते.

हॉलच्या दारात सेक्रेटरीनं हात आडवा केला.

"बस, बाबा. इथपर्यंत. चामडं बाहेर ठेवा. आत प्रार्थनेची जागा आहे."

त्याच्या काखेत बायबल होतं. काळ्या चामड्याची बांधणी, चेन लावलेली. ते चामडं आत गेलं. माझं बाहेर राहिलं. मी हलगी व्हरांड्यात उन्हात ठेवली आणि सगळ्यांच्या मागं, दाराजवळ उभा राहिलो. खुर्च्या होत्या. मला बस म्हणलं न्हाई कोणी. आत सगळे बूट घालून बसले होते. आमच्या गावच्या चर्चमध्ये कोणी चपला घालून जात न्हाई, पाटलाचा पोरगा आला तरी काढतो. इथं देवापुढं सगळ्यांच्या पायात बूट, आणि फक्त माझे पाय उघडे.

मी तिथून स्वयंपाकघराकडं गेलो, एस्तरला शोधत.

ती चुलीपुढं बसलेली. लातूरकडच्या आणि किनवटच्या चार बाया तिच्यासंगं. भाकरी थापून राहिल्या होत्या.

"तुमची भगिनींची सभा?" मी विचारलं.

"ही काय भरलीय," एस्तर म्हणाली. "अध्यक्षीणबाई परातीत हायेत. पाव्हण्यांना गावरान जेवण पायजे म्हणं. कंपाऊंडातल्या भगिनींना भाकर थापता येत न्हाई, त्या आत गाणे म्हणून राहिल्यात."

दुसरी बाई म्हणाली, "आमालाबी साक्ष द्यायची होती. आता भाकरच साक्ष."

एस्तरची नजर माझ्या पायावर गेली. तिनं पीठ झटकलं, तांब्यात पाणी घेतलं आणि माझ्या पायावर ओतलं. तळव्याला फोड आले होते.

"हे काय सोंग हाय, दाजी?"

मी पाय मागं ओढले.

"अक्कानं पाहिलं असतं तर काय म्हणली असती?"

मी पटक्याची गाठ चाचपली.

तिनं फडताळाकडं हात केला. वर पिठाचा डबा, डब्यावर फडकं, फडक्यावर माझे बूट. "खाली ठिवू वाटले न्हाई," ती म्हणाली. "अक्कानं घेतलेले हायेत. आचारी ओरडला, पिठावर बूट कामून ठेवले म्हणून. म्या म्हणलं, पीठ तुझं हाय, बूट माझ्या अक्काचे हायेत."

मी मागं आडोशाला जाऊन धोतर सोडलं. पटका सोडला. घोंगडीची घडी केली आणि सगळं पिशवीत कोंबलं. माझा पायजमा, माझा सदरा घातला. फोडांवर मोजे चढवले, मोज्यांवर बूट. नाड्या घट्ट बांधल्या. दुखलं. दुखू दिलं.

दुपार कलल्यावर सेक्रेटरीनं बोलावलं. संध्याकाळी साक्षींची सभा होती. त्यानं मला खुर्ची दिली न्हाई, पण पाण्याचा ग्लास दिला.

"काय सांगणार, बाबा?"

"सरूचं सांगणार. ती कशी फिरली ते. मग जागेचं विचारणार."

"जागेचं इथं नको. पाहुणे आहेत. मी सांगतो तसं सांगा. मी पूर्वी अंधारात होतो. दारू प्यायचो, मेलेलं ढोर खायचो, बायकोला मारायचो. मग प्रभूनं मला प्रकाश दाखवला."

"मी दारू पीत न्हाई, साहेब."

"पूर्वीचं म्हणतोय मी."

"पूर्वी बी न्हाई. माझ्या बापानं बी तोंड लावलं न्हाई. आणि सरूवर मी हात उचलला न्हाई कधी."

"अहो, त्यानं साक्षीला जोर येतो."

 माझ्या घरात तीन पिढ्या प्रभूचं नाव. मी अंधारात कवा होतो?

"आणि शेवटी सांगा," तो म्हणाला, "बायको गेली, तरी मी आनंदात आहे."

"मी आनंदात न्हाई."

त्यानं घड्याळ पाहिलं. "प्रभूमध्ये सगळे आनंदात असतात, बाबा. आणि तो ड्रेस घाला परत."

"ड्रेस पिशवीत हाय. पिशवी ताईला दिली."

तो काहीतरी बोलणार होता, पण कोणीतरी त्याला हाक मारली. त्यामुळं माझे बूट त्याच्या ध्यानात आले न्हाईत.

संध्याकाळी हॉल भरला. पेटी न्हाई, तबला न्हाई, इंग्रजी बाजा. बाजावर एक पोरगा. पुढच्या रांगेत बिशपसाहेब आणि पाहुणे. पिशवीवाली पोरगी पाहुण्यांजवळ दुसरा माईक घेऊन बसलेली. मराठीतलं इंग्रजीत करून सांगायला. माझं नाव पुकारलं. मी बूट घालून वर चढलो. सेक्रेटरीनं पाहिलं. त्याचं तोंड वाकडं झालं. पण समोर लोक होते, तो हसला.

मी माईक धरला.

"मी देगलूरकडून आलो," मी म्हणलं. "माझी बायको बायबलबाई होती. मी हलगी वाजवायचो, ती देवाचं बोलायची. दिवाळीच्या मागं ती गेली. कंपाऊंडाच्या कबरस्तानाला कुलूप होतं. आत पोरं खेळत होती. तिला आत घेतलं न्हाई. ती ओढ्याच्या कडंला हाय. पाऊस आला की ओढा तिला नेणार. मी आनंदात न्हाई."

पोरगी पाहुण्यांना सांगत होती, एकेक वाक्य, भराभर.

आणि पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

मला इंग्रजी येत न्हाई. पण माणूस बायकोच्या कबरीचं बोलत असताना टाळ्या वाजत न्हाईत, एवढं मला कळतं. एक गोरी बाई तर डोळे पुसत हसत होती, माझ्याकडं बघून मान हलवत होती. माझ्या तोंडातून ओढा निघत होता, आणि तिच्या कानात काहीतरी गोड जाऊन राहिलं होतं. मी पोरीकडं पाहिलं. तिनं मान खाली घातली. सेक्रेटरी तिच्या खुर्चीच्या मागंच उभा होता.

मी बिशपसाहेबाकडं वळलो. त्यांना मराठी येतं. ते लातूरकडचेच.

"साहेब, जागा देता का न्हाई?"

बिशपसाहेब काही बोलायच्या आत सेक्रेटरीनं बोट वर केलं. बाजावाल्यानं गाणं सुरू केलं. माझा माईक बंद झाला. मी बोलत होतो आणि माझं मलाच ऐकू येत न्हाई. लोक उभे राहिले, हात वर केले, गाऊ लागले. दोन कार्यकर्ते आले, मला दंडाला धरून हळूच खाली उतरवलं. हळूच. हसत. "या बाबा, या."

त्यांनी हसत हसत मला दारापर्यंत नेलं. तिथं दंड सोडवून घेतला.

व्हरांड्यात माझी हलगी पडलेली. दुपारभर उन्हात. चामडं तापून असं ताणलं होतं की नखानं टिचकी मारली तरी वाजावं. हिवाळ्यात हलगी शेकायला आम्ही चगाळ, वाळका पालापाचोळा, पेटवतो, तेव्हा कुठं ती बोलते. त्यांनी तिला उन्हात टाकून आपणच शेकून ठेवली होती.

मी ती उचलली आणि आत गेलो.

हलगीला माईक लागत न्हाई.

मी मयताचा ताल धरला. सरूला माती देताना वाजवला तो. बाजा त्याच्याखाली दबला. गाणारे एकेक करून थांबले. वर केलेले हात खाली आले. बाजावाला पोरगा सेक्रेटरीकडं बघत बोटं हलवत राहिला, मग त्यानं बी थांबवलं. गावाकडचे जे काही मागच्या रांगांत होते त्यांना तो ताल ठाऊक. ते बसल्या जागी उठून उभे राहिले. मयत जाताना माणूस उभा राहतो तसे.

स्वयंपाकघराच्या दारात एस्तर उभी होती, हाताला पीठ.

मी बिशपसाहेबापुढं जाऊन थांबलो. वाजवणं बंद केलं.

"आता ऐकू येतं का, साहेब?"

ते म्हणाले, "बाबा, आपण या विषयावर प्रार्थना करू."

"प्रार्थना मी रोज करून राहिलो. देवाकडं किल्ली न्हाई. किल्ली तुमच्याकडं हाय."

त्यांनी खाली पाहिलं. माझ्या बुटांकडं पाहिलं का जमिनीकडं, मला ठाऊक न्हाई. सेक्रेटरी मागून म्हणाला, "बाबा, तुम्ही शिस्त मोडताय. चामडं बाहेर न्या."

"नेतो," मी म्हणलं. "तुमचं बी काखेतलं आणा."

मागच्या रांगेत कोणीतरी हसलं. फक्त एकजण. पण मोठ्यानं.

आम्ही त्याच वेळी निघालो. एस्तरनं हात धुतले न्हाईत. बायांना म्हणाली, "भाकरी करपू देऊ नका, अन्नाशी वैर न्हाई. पण म्या आता थापत न्हाई." जीप मागितली न्हाई. उजेड होता तोवर डोंगर उतरलो. बुटात फोड फुटले. मोजे ओले झाले. मी बूट काढले न्हाईत. एस्तर म्हणाली, "दाजी, काढा की, कोणी बघत न्हाई." मी म्हणलं, "कोणी बघत असताना काढले, तेवढं बास झालं."

वाटेत ती रडली. माझी अक्का, माझी अक्का, करत. मला रडू आलं न्हाई. मला एवढा राग होता की रडायला जागा नव्हती.

गेल्या आठवड्यात पाळक वाड्यावर आला. खाटेवर बसला, चहा प्याला, मग बोलला. मी अधिवेशनात बेशिस्त केली. मी मंडळीपुढं माफी मागावी. न्हाई तर माझं प्रभुभोजन बंद. भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट, ते मला मिळणार न्हाई.

मी विचारलं, "आणि सरूची जागा?"

"कमिटी विचार करेल. तुम्ही आधी माफी मागा."

म्हणजे परत तेच. आधी बूट काढा, मग बघू.

मी म्हणलं, "पाळकसाहेब, ती पेल्याची गोष्ट मला सांगू नका. तो पेला प्रभूनं कोणाला दिला, कुठल्या माणसांत बसून दिला, ते सरूनं मला वाचून दाखवलंय. तुमच्या हातून मिळाला न्हाई तर मी तहानलेला मरणार न्हाई."

तो चहा अर्धा टाकून गेला.

वाड्यातले म्हणतात, दादा, जाऊ द्या. मोठ्या लोकांशी काय भांडता. तुमचं वय काय. ओढ्याला दगडाचा बांध घालू, आमी मदत करतो. त्यांचं मन चांगलं हाय. पण मी बांध घालणार न्हाई. बांध घातला म्हणजे तिची जागा तीच, असं मीच कबूल केलं. ती जागा तिची न्हाई. तिला कुठं जायचं होतं ते तिनं मला सांगितलंय.

मी कुदळ काढून ठेवली हाय. पांढरं लुगडं आणलंय, हाडं बांधायला. पाऊस यायच्या आत मी सरूला उचलणार. चोरून न्हाई. रविवारी, दिवसाउजेडी, कंपाऊंडातली उपासना सुटायच्या वेळी, सगळे इस्त्रीचे कपडे घालून दारात उभे असताना. पुढं मी, हातात हलगी. मागं एस्तर, डोक्यावर तिची अक्का. बाकी कोण येईल, कोण न्हाई, मी विचारलं न्हाई. विचारणार बी न्हाई. ज्याला यायचं तो हलगी ऐकून येईल, न्हाई तर आम्ही दोघं पुरे.

फाटकाला कुलूप असंल. मी किल्ली मागणार न्हाई. मागून झालं. कुलपावर कुदळ घालणार. पोलीस आणा म्हणावं. पोलिसापुढं साक्ष देईन, ती कोणी शिकवलेली नसंल. आत लिंबाखाली, पोरं खेळतात तिथं खड्डा घेणार आणि तिला ठेवणार. बूट माझ्या पायात असतील.

आणि कोणी आडवा हात करून म्हणलंच, बाबा, चामडं बाहेर ठेवा, तर त्याला एकच शब्द.

सरक.